काकांच्या सीडी फ्लॅकमध्ये : कामाच्या नोंदी

८ जून

काकांच्या सीडींची खोकी सांगलीच्या गावभागातून विश्रामबागला आली. वरच्या खोलीत टेबल रिकामं केलं. सामान असं: जुना डेस्कटॉप, त्यात पूर्ण आकाराचा डीव्हीडी रायटर; जोडीला लॅपटॉपसाठी कधीतरी घेतलेला चपटा यूएसबी ड्राइव्ह. रिप करायला, म्हणजे सीडीवरचं गाणं फाइलीत उतरवायला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम; साठवायला फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावता जागा वाचवणारा फाइलीचा प्रकार. काम म्हणजे ऑडिओ सीडी पूर्ण उतरवायच्या, राग-ताल-साथीदार नीट लावायचे आणि प्रती एका घरात ठेवायच्या नाहीत.

काका आयुष्यभर पेटीची साथ करत आले. त्यामुळे संग्रहात गाणं जास्त, वाद्यं कमी, आणि नाट्यसंगीत तर सांगलीकराच्या कपाटात असायचंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कपाटाचे खालचे कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर काकूंनी त्या सीडी बादलीत बुचकळून, पेपरवर पसरून वाळवल्या आणि बाजारातून आणलेल्या पातळ पाकिटांत भरल्या. आतल्या पुस्तिकांचा लगदा झाला होता, तो टाकून दिला. म्हणून खोक्यांवर मार्करने दोनच शब्द लिहिले: ‘कोरड्या’ आणि ‘पुराच्या’.

खोक्यात एक पेनड्राइव्हही निघाला. कुणीतरी ‘सगळ्या सीडी यात घेतल्यात, काका’ म्हणून दिलेला. उघडला तर ट्रॅक १, ट्रॅक २ अशा सीडीए फाइली, प्रत्येकी ४४ बाइट. ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. विंडोज तिथे नुसता पत्ता दाखवतं, अमुक ट्रॅक अमुक जागी सुरू होतो एवढाच. तो पत्ता कॉपी करून गाणं येत नाही. काकांनी तो पेनड्राइव्ह सहा वर्षं देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

११ जून

रिप सुरू करण्याआधी ड्राइव्हची परीक्षा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केली की पुढचं सगळं संशयास्पद.

फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये ठरवलेल्या रेड बुकप्रमाणे सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), दोन चॅनेल, प्रत्येक सॅम्पल १६ बिट. वाचताना सेकंदाचे ७५ सेक्टर, म्हणजे तुकडे, पडतात, एकेक २,३५२ बाइटचा. डेटा सीडीत याच सेक्टरमधले २,०४८ बाइट माहितीला आणि उरलेल्यांत पत्ता व चूक दुरुस्त करायची जास्तीची सोय. ऑडिओत मात्र २,३५२ च्या २,३५२ बाइट गाण्यालाच दिलेत. सीआयआरसी नावाची दुरुस्ती दोन्हींत आहे, ती बऱ्याच ओरखड्यांना पुरते. तिच्या आवाक्याबाहेर गेलं की डेटा सीडी ‘वाचता येत नाही’ म्हणून अडून बसते. ऑडिओ सीडी अडत नाही. शेजारच्या सॅम्पलांवरून अंदाजाने जागा भरायची आणि पुढे जायचं, कारण प्लेअरचं काम गाणं चालू ठेवणं.

ऐकायला हे सोयीचं, जतनाला घातक. फ्लॅक लॉसलेस आहे याचा अर्थ त्याच्या हातात जे पडलं ते तो जसंच्या तसं परत देतो. ड्राइव्हने अंदाजपंचे भरलेलं दिलं तर तेही जसंच्या तसं. ‘फ्लॅकमध्ये आहे म्हणजे ओरिजिनल’ हे वाक्य गाण्याच्या मंडळींत फार ऐकू येतं. त्यातलं ‘म्हणजे’ मला मान्य नाही.

सेटिंग लिहून ठेवते:

सिक्युअर मोड. प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर सोळा-सोळाच्या फेऱ्या, सोळातली आठ वाचनं एकसारखी येईपर्यंत. सगळ्यात वाईट परिस्थितीत एकच सेक्टर ८२ वेळा.

कॅश. दोन्ही ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतात. म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं की सीडीकडे न बघता मघाचंच उत्तर पुन्हा देतात, आणि दोनदा वाचण्याला काही अर्थ उरत नाही. सॉफ्टवेअरला तसं सांगून ठेवलं, ते कॅश रिकामी करून घेतं. वेळ वाढतो. वाढू दे.

सी-टू. यूएसबी ड्राइव्ह म्हणतो की मी चुका कळवतो. मुद्दाम ओरखडे असलेली एक टाकाऊ सीडी घालून पाहिली, त्याने सगळं आलबेल असल्याचं कळवलं. बंद करून टाकलं.

ऑफसेट. प्रत्येक ड्राइव्ह वाचायला किंचित आधी किंवा किंचित नंतर सुरुवात करतो, आणि हा फरक त्या मॉडेलपुरता ठरलेला असतो. डेस्कटॉपचा +६ सॅम्पल निघाला, यूएसबीचा +६६७. सहा सॅम्पल म्हणजे सेकंदाचा सात हजारावा हिस्सा, कुणाच्या कानाला कळणार नाही. पण ऑफसेट दुरुस्त केल्याशिवाय एका ड्राइव्हचं वाचन दुसऱ्याच्या वाचनाशी ताडून बघता येत नाही, आणि या सगळ्या कामाचा कणा तेवढाच आहे: दोन स्वतंत्र वाचनं जुळणं.

१४ जून

कोरड्या सीडी सुरू. एका तासाच्या सीडीला वीसेक मिनिटं. टेस्ट (नुसतं वाचन) आणि कॉपी दोन्ही करते, दोन्हींचा सीआरसी (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदीत, येतो.

गाजलेल्या गायकांच्या सीडी अॅक्युरेटरिपच्या डेटाबेसमध्ये सापडतात. तिथे जगभरातल्या लोकांनी केलेल्या रिपचे चेकसम, म्हणजे असेच तपासणीचे आकडे, जमा आहेत. आपला चेकसम आणखी कितीजणांशी जुळला हा आकडा येतो. पाच-सातजणांशी जुळला की निर्धास्त. पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मराठी सीडींना मात्र ‘डेटाबेसमध्ये नाही’ हेच उत्तर. तिथे माझे दोन ड्राइव्ह हेच दोन साक्षीदार. डेस्कटॉपवर एकदा, यूएसबीवर एकदा, सीआरसी जुळला तरच ‘झालं’च्या यादीत.

सायंकाळी काका फोनवर: “विलंबित आणि द्रुतमधे तानपुरा तुटत नाही ना?”

तुटत नाही. त्यांच्या मनात जुनी एमपी-थ्री होती. एकाच बैठकीतला ख्याल सीडीवर दोन ट्रॅकमध्ये कापलेला असतो, विलंबित एकताल इथे संपला, पुढच्या सॅम्पलला द्रुत तीनताल सुरू. तानपुरे मात्र दोन्हींकडून सलग चालूच. एमपी-थ्रीचा एन्कोडर प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे थोडी शांतता घालतो, त्यामुळे सांध्यावर तानपुऱ्याला उचकी लागते. फ्लॅकमध्ये सॅम्पलला सॅम्पल लागून राहतो. क्यू शीटही, म्हणजे कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी, प्रत्येक सीडीबरोबर ठेवते, म्हणजे कधी नवी सीडी बर्न करायची वेळ आली तर मधल्या गॅप जशाच्या तशा मिळतील.

१७ जून

फाइलींच्या आकारावरून एक मजा कळली.

वेव्ह फाइलीत, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलीत, मिनिटाला साधारण १०.६ एमबी लागतात, गाणं असो की शांतता. फ्लॅक पुढचं सॅम्पल काय येईल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा साठवतं. ख्यालाच्या सीडी निम्म्याच्या आसपास बसतात. फाइल दाबायची आठवी लेव्हल आणि नेहमीची पाचवी यांच्यात जागेचा फरक किरकोळ, आवाजात शून्य. तरी आठवीच ठेवली, एन्कोड एकदाच करायचं आहे.

मजा पुढे आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि या भागातल्या गाणाऱ्या घरात त्यांच्या तबकड्यांवरून केलेली एखादी तरी सीडी असतेच. काकांकडे दोन आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. त्याच ७८ च्या तबकड्या, त्याच तीन-सव्वातीन मिनिटांच्या बाजू. पण एका सीडीच्या फाइली वेव्हच्या एक तृतीयांश झाल्या, दुसरीच्या दोन तृतीयांश. पहिलीत डावा आणि उजवा चॅनेल बिट अन् बिट एकसारखा आहे. फ्लॅक दोन्हींचा फरक काढतं, तो शून्य येतो, शून्याला जागा लागत नाही. दुसरीत तबकडी स्टिरिओ पिकअपने वाजवून तशीच उतरवलेली दिसते. खोबणीच्या दोन भिंतींची खरखर वेगवेगळी, आणि खरखरीचा अंदाज कुठल्याच गणिताला बांधता येत नाही. जागा सगळी खरखरीने खाल्ली.

काकांना दुसरी जास्त आवडते. पहिलीत सफाई करताना कुणीतरी वरचे सूर खरवडून काढलेत असं त्यांचं मत. माझंही तेच, पण मी आलेख बघून म्हणते.

२१ जून

पुराच्या सीडींना हात घातला.

काकूंनी धुतल्या होत्या, तरी गाळाचं अगदी पातळ साय-कवच राहिलंय, उजेडात तिरकी धरली की करडं दिसतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकेच. मग मायक्रोफायबरच्या कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल नाही. सीडीवरची रेघ आतून बाहेर गोल फिरत जाते. कापडात वाळूचा कण असला आणि हात गोल फिरला तर ओरखडा रेघेवरूनच धावतो आणि सलग माहिती मारतो. आडवा ओरखडा प्रत्येक वळणावर जेमतेम छेदून जातो, आणि रेघेच्या लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं सलग नुकसान सीआयआरसी पूर्ण भरून काढतं.

टूथपेस्टचा सल्ला आत्तापर्यंत शेजारच्यांनी, दूधवाल्याने आणि खुद्द काकूंनी दिला आहे. खालच्या बाजूचा उथळ ओरखडा घासून जातो हे खरं आहे, तिथे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे, थोडं झिजलं तरी चालतं. पण पुराने मारलंय ते वरून. छापील बाजूला वार्निशचा अगदी पातळ थर आणि त्याच्या लगेच खाली अॅल्युमिनियम, जे प्रत्यक्ष वाचलं जातं. कडेने पाणी शिरलं की अॅल्युमिनियम गंजतं.

तपासायची रीत सोपी. सीडी ट्यूबलाइटसमोर धरायची, छापील बाजू आपल्याकडे. चांगलीतून काही दिसत नाही किंवा सगळीकडे सारखा मंद उजेड येतो. काही सीडींच्या कडेला सुईने टोचल्यासारखे ठिपके लखलखले. एका नाट्यपदांच्या सीडीला तर कडेपासून आत बोटभर तपकिरी कोर आली आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून नुकसान शेवटच्या ट्रॅकांचं. त्यातून भैरवी गेली म्हणायची.

ठिपकेवाल्या वेगळ्या काढल्या. त्यांना पॉलिश नाही, टूथपेस्ट नाही, काही नाही.

२४ जून

दुपारभर लाइट नव्हती. पाऊस.

२७ जून

पुराच्या सीडींतल्या निम्म्याहून जास्त, नुसत्या धुतल्यावर, दोन्ही ड्राइव्हवर जुळल्या. एवढी आशा मला नव्हती.

उरलेल्यांत ड्राइव्ह रखडतो. आवाजावरूनच कळतं: सुरुवातीला सूं करून फिरणारा ड्राइव्ह मधेच वेग पाडतो, टक-टक करत एकाच जागी घोटाळतो, पुन्हा वेग घेतो. लॉगमध्ये ‘संशयास्पद जागा’ म्हणून मिनिट-सेकंद येतात. एका ट्रॅकने दीड तास घेतला. वेग मुद्दाम कमी ठेवल्यावर काही ट्रॅक सुटले, काही नाही. डेस्कटॉपचा ड्राइव्ह जिथे हरतो तिथे यूएसबीचा कधीकधी पास होतो, उलटही होतं. लेन्स वेगळी, मोटर वेगळी. ड्राइव्ह महाग किंवा नवा असण्याशी याचा फारसा संबंध दिसला नाही.

आजची मोठी कमाई क्यूटूल्स या प्रोग्रामच्या डेटाबेसमुळे. तिथे चेकसमबरोबर थोडा दुरुस्तीचा मालही ठेवलेला असतो. कुणीतरी तीच सीडी धडपणे रिप करून पाठवली असेल तर त्या मालातून आपल्या फाइलीतले मोजके चुकलेले सॅम्पल काढून बरोबर बसवता येतात. अंदाजाने नाही, गणिताने. दुरुस्तीनंतरचा चेकसम त्यांच्याशी जुळतो. एका प्रसिद्ध गायिकेच्या सीडीतला शेवटचा ट्रॅक असा परत मिळाला. मराठी सीडींना अर्थातच हा लाभ नाही, कारण त्या तिथे कुणी पाठवलेल्याच नाहीत. ज्या माझ्याकडे स्वच्छ उतरल्या त्यांची नोंद आजपासून तिकडे पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणाच्या कपाटातही पाणी शिरलं असेल.

२ जुलै

काका दिवसभर इथे. कानाची तपासणी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परदेशात छापलेली एक सीडी लावली. कोरड्यांतली, लॉग स्वच्छ, सीआरसी जुळलेले. तानपुरे सुरू झाले आणि बाईंनी षड्ज लावायच्या आतच काकांनी हात वर केला.

“बंद कर. ही जवारी बघ की कशी ओरडतीय.”

“काका, बिट अन् बिट तसंच आहे.”

“असेल. पण मिरजेचा कारागीर असा तानपुरा दुकानाबाहेर जाऊ देणार नाही. आणि माझ्या प्लेअरवर तीस वर्षं हाच तानपुरा गोल वाजत होता.”

जवारी म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा आणि तारेखाली सूत असं सरकवायचं की तार सुटताना तिच्यातले वरचे सूर हळूहळू उलगडत यावेत. इथे ते सगळे एकदम, पत्र्यासारखे येत होते. तबल्याची चाटही अंगावर येत होती, बाईंचे ‘स’ आणि ‘श’ टोचत होते. प्लेअरवर बरं आणि फाइलीत वाईट म्हटल्यावर संशय एकाच गोष्टीवर: प्री-एम्फसिस.

सुरुवातीच्या काळातल्या काही सीडी करताना वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम चढवून ठेवत, अगदी वरच्या टोकाला साधारण १० डेसिबलपर्यंत. सीडीवर तशी खूण असायची. प्लेअर खूण वाचून वाजवताना तेवढाच आवाज उतरवायचा, त्याबरोबर वरच्या पट्टीतला सूक्ष्म फसफसाटही उतरायचा. प्लेअरसाठी सोय उत्तम. रिप करताना मात्र चढवलेले सॅम्पल फाइलीत येतात आणि खूण सीडीवरच राहते. बरं, ही खूण टीओसीत, म्हणजे सीडीच्या अनुक्रमणिकेत, असायला हवी. या सीडीच्या टीओसीत ती नाही. ट्रॅकच्या सबचॅनेलमध्ये, म्हणजे गाण्याच्या जोडीने लिहिलेल्या माहितीत, आहे. तिथे बघणारा दुसरा प्रोग्राम चालवला तेव्हा दिसली.

सॉक्स या प्रोग्रामच्या डी-एम्फसिस फिल्टरमधून, म्हणजे चढवलेला आवाज उतरवणाऱ्या गाळणीतून, काढली. नवी फाइल २४ बिटची केली, कारण आवाज उतरवल्यावर येणारे अपूर्णांक १६ बिटांत पुन्हा तासायची गरज नाही. काकांनी डोळे मिटून ऐकलं. “हां. आता मिरजेचा.”

मूळ रिपही ठेवला आहे, टॅगमध्ये (फाइलीतल्या माहितीच्या रकान्यात) ‘प्री-एम्फसिस आहे’ असं लिहून. ऐकायला दुसरी. त्याच काळातल्या बाकीच्या सीडींचे सबचॅनेल रात्री बसून तपासले, आणखी एक निघाली.

दुपारनंतर उलटा प्रकार. मी एका नाट्यपदात टचकन् आवाज ऐकून ट्रॅक बाजूला काढला होता. काका म्हणाले, “तो तबकडीतलाच आहे. माझ्या मास्तरांकडच्या तबकडीतसुद्धा तिथेच उडायचं.” दोन्ही ड्राइव्हचे सीआरसी जुळत होतेच. सीडीने केलेली चूक आणि सीडीवर आलेली तबकडीची चूक यांतला फरक कानाने लागत नाही. सीआरसी लागतो, नाहीतर काका लागतात.

९ जुलै

टॅग. रिप करायला लागला त्याहून जास्त वेळ इथे जाणार, हे आता स्पष्ट आहे.

ऑडिओ सीडीवर सहसा नावं नसतात. ट्रॅक कुठे सुरू होतो त्या आकड्यांवरून एक आयडी बनतो आणि प्रोग्राम म्युझिकब्रेंझसारख्या डेटाबेसला विचारतो. आपल्या संगीताची उत्तरं ज्याने भरली त्याच्या कुवतीप्रमाणे येतात. गायकाच्या जागी राग, रागाच्या जागी बंदिशीचे दोन शब्द, नाट्यपदाला संगीतकाराचं नाव गायक म्हणून, आणि साथीदार कुठेच नाहीत. पेटीवाल्याच्या घरात हे चालणार नाही, हे सांगायला नको.

फ्लॅकचे टॅग मोकळे असतात, रोमन लिपीत हवं ते नाव देऊन हवा तो रकाना करता येतो, आणि आतल्या मजकुराला देवनागरी चालते. म्हणून नेहमीच्या रकान्यांबरोबर राग, ताल, बंदिश, तबला, पेटी, सारंगी, तानपुरा असे रकाने केले. फाइलींची नावंही रोमन लिपीत. गाडीतल्या स्टिरिओला देवनागरी दिली की चौकोन दाखवतो.

पुराच्या सीडींच्या पुस्तिका नाहीत, तिथे काका हीच पुस्तिका. एका विलंबित ख्यालाला डेटाबेसमध्ये ‘तिलवाडा’ असं भरलेलं. काकांनी डाव्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्याने मोजायला सुरुवात केली, समेवर मान हलली, पुन्हा मोजलं. चौदाला सम आली. झुमरा. तिलवाडा असता तर सोळाला आली असती. मग तबला कुणाचा, यावर अर्धा तास. हाताच्या वजनावरून त्यांनी एक नाव सांगितलं, पण छापील पुरावा नाही. मी रकान्यात नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. काकांना ते रुचलं नाही. ठेवलं आहे.

१६ जुलै

घरगुती सीडी-आर. मार्करने लिहिलेल्या, २००३ ते २००८ च्या. यांना मी घाबरून होते आणि त्या घाबरण्यासारख्याच निघाल्या.

कारखान्यातल्या सीडीत खड्डे छापलेले असतात; सीडी-आरमध्ये रंगाचा थर लेसरने भाजलेला असतो. रंग उन्हाने, उष्णतेने उडतो. काकांच्या खिडकीशेजारच्या रॅकमधल्या काही पार फिक्या पडल्यात, ड्राइव्ह त्यांना ओळखतसुद्धा नाही. ज्यांवर गोल कागदी लेबल चिकटवलेलं होतं त्यांची पुरात दशा झाली: कागद आकसला आणि चांदीचा थर सोबत उचलला. लेबल सोलून बघायचा मोह होतो. सोललं की चांदी लेबलबरोबर येते, मग काहीच उरत नाही. तसंच ठेवून, सगळ्यात कमी वेगावर, जेवढं येईल तेवढं घेतलं.

एक सीडी हवीच होती: देवळातल्या उत्सवातली बैठक, पेटीवर काका. ती उतरली, दोन्ही ड्राइव्हवर जुळली. फक्त बर्न करणाऱ्याने बैठकीचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून एकेक ट्रॅक सुटा बर्न केला होता, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर दोन सेकंद शांतता. ऐन तानेत. मधली शांतता काढल्यावर दोन्ही कडा सलग जुळल्या, तान पुढे गेली. मूळ तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये आहेतच.

दुसरी एक ‘लाइव्ह रेकॉर्डिंग, ओरिजिनल’ अशी अक्षरं असलेली. स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख) काढला तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास चाकूने कापल्यासारखी रेघ, वर काळोख. एमपी-थ्रीवरून बर्न केलेली सीडी. हिची फ्लॅक केली की आकार चौपट होतो आणि गाणं तेवढंच राहतं. तरी केली, कारण तो एमपी-थ्री आता कुणाकडे नाही आणि पुन्हा एमपी-थ्री केलं तर आणखी झिजेल. टॅगमध्ये स्पष्ट लिहिलं: उगम एमपी-थ्री.

२२ जुलै

प्रती. सगळं मिळून दोनशे जीबीच्या आत बसलं. एक हार्ड डिस्क इथे विश्रामबागला वरच्या मजल्यावर, एक बहिणीकडे पुण्याला. गावभागात काकांकडे ऐकायला पेनड्राइव्ह, बस. काका म्हणाले, मूळ डिस्क घरातच असावी. मी फक्त कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बघितलं.

फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी-फाइव्ह चेकसम लिहिलेला असतो, त्यामुळे फाइल पुढे कधी सडली तर तपासणीत पकडली जाते. दोन्ही डिस्कवर पूर्ण तपासणी चालवली, सगळ्या पास. दर दिवाळीला पुन्हा चालवायची असं कॅलेंडरवर लिहिलं.

बातमी पसरली आहे. काकांचे दोघे-तिघे स्नेही पेनड्राइव्ह घेऊन आले. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापराला मोकळीक आहे, गल्लीभर वाटायला नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, म्हणून खाँसाहेबांच्या तबकड्या खुशाल द्या. कालपरवाच्या सीडी नाही. देवळातल्या बैठकीची प्रत काकांनी आधी गायकांच्या मुलाला विचारून मगच दिली. उरलेल्यांना मी चहा दिला.

२६ जुलै

कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी. काकूंनी फोन करून रिकामी खोकी परत मागितली, कपाटातलं बाकीचं वर चढवायला.

कारखान्यातल्या सीडींचे न उतरलेले ट्रॅक राहिले ते सगळे भोकं पडलेल्या सीडींचे. त्यांच्या फोल्डरच्या नावापुढे ‘अपुरं’ जोडलं आणि लॉग आत ठेवला, कुठल्या मिनिटाला काय गेलं ते दिसेल असा. ओळखीच्या एकाकडे जुना डेस्कटॉप आहे, त्याचा ड्राइव्ह पुढच्या आठवड्यात मिळेल; या सीडी त्यावर एकदा चालवायच्या. तपकिरी कोरवाल्या नाट्यपदांच्या सीडीकडून मला फार आशा नाही. शेवटची भैरवी दोन जागी तुटते, तिसऱ्या जागी नुसता खडखडाट.

काकांना तीच हवी होती.

“मधे तुटतं, काका. चालेल?”

“टाक की. तेवढं मी म्हणतो.”

पेनड्राइव्हवर टाकली.